डोळ्यांची आखणी मुलींनाही शिकवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या पत्रव्यवहारात अलीकडेच एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र वाचलं. गोव्यातली तरुण मुलं रात्र रात्र चिनी आणि कोरियन मालिका बघतात, त्यांना आपलं काही आपलं वाटेनासं झालं आहे, अशी त्यांची तक्रार होती. त्यांची काळजी मनापासूनची आहे, म्हणून तिच्याबद्दल मला आदरच आहे. पण आमच्या घरात नेमकं उलट घडलं. कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या भाचीने एक चिनी मालिका बघितली आणि दुसऱ्या दिवशी मला विचारलं, "आत्या, आपल्या चित्रशाळेच्या पाटीवर तुझं नाव का नाही?" हा प्रश्न आमच्या घरात याआधी कोणीच विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. चित्रशाळा म्हणजे आमच्याकडे गणपतीच्या मूर्ती घडवायची जागा, आणि तिथलं शेवटचं काम म्हणजे मूर्तीच्या डोळ्यांची आखणी. ती मुलींनाही शिकवावी, म्हणून हे पत्र.

मी डिचोली तालुक्यातली. माहेरी पिढ्यान्‌पिढ्या चवथीचे गणपती होतात. माझं सासरही याच तालुक्यात, त्यामुळे आषाढ लागला की सासरचं आटपून मी माहेरच्या चित्रशाळेत जाते ती थेट चवथीच्या आदल्या रात्रीपर्यंत. लग्नाआधी तिथे होतेच, लग्नानंतरही एकही चवथ चुकवलेली नाही.

मालिका म्हणजे २०२४ साली आलेली 'ब्रोकेड ओडिसी'. भाचीने आग्रह केला म्हणून तिच्याबरोबर बसून बघितली. खालची इंग्रजी वाक्यं ती मला कोकणीत सांगत होती. काळ तांग राजवटीचा, गाव म्हणजे आजच्या सिचुआन प्रांतातलं चेंगदू, आणि नायिका जी यिंगयिंग नावाची मुलगी. रेशीम रंगवायचं, त्याचं ब्रोकेड विणायचं, हा तिथल्या घराण्यांचा व्यवसाय. ही मुलगी ती विद्या शिकते आणि त्या जोरावर उभी राहते. त्यातले प्रेमाचे प्रसंग मला फार लांबवल्यासारखे वाटले. रंगाच्या कुंडात काम करणाऱ्या बाईचे हात इतके स्वच्छ राहत नाहीत, नखांच्या कडा महिनोन्‌महिने रंगलेल्या असतात, हेही कोणी दाखवायला हवं होतं. तरीही कामाची दृश्यं आली की मी खुर्चीत सरसावून बसायची. मालिकेतली माणसं धागा उजेडात धरून रंग बघतात तेव्हा बोलत नाहीत. आमच्याकडेही कोणी बोलत नाही.

मालिका संपल्यावर भाचीने त्या कापडाबद्दल बरंच शोधून वाचलं आणि मला वाचून दाखवलं. शू ब्रोकेड हे जड रेशमी कापड. पैठणीसारखीच त्याची नक्षी मागावरच उतरते, वरून काढली जात नाही. त्याचा जुना माग दोन माणसांनी चालवायचा. एक खाली बसून धोटा टाकणार, दुसरं माणूस वर मचाणावर बसून नक्षीच्या दोऱ्या ओढणार. वरच्याने चुकीची दोरी ओढली तर खालच्याची मेहनत वाया, खालच्याचा हात ढिला पडला तर वरच्याची. चेंगदूत २०१२-१३ मध्ये मेट्रोच्या कामाच्या वेळी हान काळातल्या कबरी सापडल्या. त्यांतल्या एकीत नक्षीच्या मागांच्या चार लाकडी प्रतिकृती होत्या आणि सोबत कामगारांच्या छोट्या लाकडी बाहुल्या. दोन हजार वर्षांहून जुने, नक्षीच्या मागांचे इतके जुने पुरावे जगात दुसरीकडे मिळालेले नाहीत. ती कबर एका बाईची आहे. आपल्याबरोबर तिने दागिने नेले असते तर कोणाला नवल वाटलं नसतं. तिच्याबरोबर माग पुरले गेले, हे ऐकून मला काय वाटलं ते मला लिहिता येत नाही.

इसवी सन ८२९ मध्ये नैऋत्येकडच्या, आजच्या युन्नानमधल्या नानझाओ राज्याच्या सैन्याने चेंगदूवर चाल केली आणि परत जाताना हजारो माणसं धरून नेली. त्यांत कारागीर होते. तांग राजवटीच्या इतिहासात नोंद आहे की त्यानंतर नानझाओचं विणकाम चीनच्या तोडीचं झालं. सैन्याने सोनं नेलं असेल, धान्य नेलं असेल, पण खरी लूट हातांची होती हे त्या राजाला कळत होतं. आणि त्याच संस्कृतीत घराण्याची विद्या मुलाला द्यायची, मुलीला द्यायची नाही, असा दंडकही होता, कारण मुलगी लग्न होऊन जाते आणि विद्या परक्या घरात पोचते. शत्रूने पळवलेल्या कारागिरांनी विद्या परक्या मुलखात पोचवली त्याला इलाज नव्हता. आपल्याच मुलीच्या हातून ती शेजारच्या गावात पोचू नये याची मात्र पक्की तजवीज होती.

ती तजवीज आमच्याकडेही आहे. कोणी कागदावर लिहून ठेवलेली नाही, एवढंच.

चित्रशाळेत काय काय चालतं हे पाट द्यायला आणि मूर्ती न्यायला येणाऱ्यांना सहसा दिसत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. शेतातली चिकणमाती उन्हाळ्यातच आणून ठेवावी लागते. ती वाळवायची, फोडायची, भिजत घालायची. भिजली की हाताने चाळवून खडे, मुळं, शंख-शिंपल्यांचे तुकडे वेचायचे; एक खडा राहिला तर मूर्ती वाळताना तिथेच चीर जाते. मग मळायची. हे सगळं पूर्वीपासून आमच्या आजीने, आईने, काकूने केलं. पुढे बैठक, पोट, हात, सोंड जोडायची, सांध्यांत काथ्या घालायचा, ओल्या फडक्याने घोटत राहायचं. घोटणं हे बायकांचं काम, कारण त्यात वेळ जातो आणि नाव मिळत नाही. पाऊस लागून राहिला की मूर्ती वाळत नाहीत. तेव्हा रात्री उठून शेक द्यावा लागतो. जास्त दिला तर तडा, कमी दिला तर रंग धरत नाही. आमची आई मूर्तीच्या पाठीला उलटा हात लावून सांगायची की ही उद्या रंगाला घ्या, ती परवा. ती शाळेत गेली नव्हती. तिचा अंदाज मी तरी चुकलेला बघितला नाही. मग पांढरा हात, मग अंगाचा रंग, पितांबर, दागिने. तेही घरातल्या मुली करतात.

आणि सगळ्यात शेवटी डोळे. आखणी.

ही घरातल्या कर्त्या पुरुषाने करायची. बाबा आखणीला बसले की आम्हाला मागे उभं राहायची परवानगी होती, पुढे नाही. मी मागे उभी राहून शिकले. बाबा मूर्ती आपल्या नजरेच्या उंचीवर ठेवत नसत. घरात मखरात ती जेवढ्या उंचीवर बसेल तेवढ्या उंचीवर ठेवून, समोर पाटावर बसणाऱ्या माणसाच्या जागी स्वतः बसत, कारण उभ्याने आखलेले डोळे बसून पूजा करणाऱ्याच्या डोक्यावरून बघतात. डाव्या हाताचा टेकू उजव्या कोपराला. वरच्या पापणीची रेघ एका श्वासात. मध्ये थांबलं की रेघेला गाठ येते आणि ती पुसून पुन्हा काढली तरी खालचा पांढरा हात उचललेला दिसतो. बुबुळ पूर्ण गोल काढायचं नाही, वरचा भाग पापणीखाली गेलेला पाहिजे, नाहीतर देव दचकल्यासारखा दिसतो. हे बाबांनी कधी तोंडाने सांगितलं नाही. मी पाठीमागून त्यांचा खांदा कधी हलतो, कधी थांबतो ते बघत होते.

मी लहान असताना आईने एकदाच बाबांना सुचवलं की हिचा हात चांगला आहे, हिला आखणी द्या. घरात आलेल्या एका वडीलधाऱ्याने बाबांच्या आधीच उत्तर दिलं: "चली न्हू ती, फाल्यां दुसऱ्याच्या घरा वतली." मुलगीच ना ती, उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार. विषय तिथेच संपला.

पुढे आमच्या भागात खाणींचे दिवस आले. घराघरांतले मुलगे ट्रकांवर गेले. माझा भाऊही गेला. पैसा रोख होता आणि मातीत वर्षातून एकदाच मिळायचा, त्याला दोष देणार नाही. त्या वर्षांत डिचोलीतल्या किती चित्रशाळा बायकांनी चालू ठेवल्या हे कोणी मोजलेलं नाही. त्याच सुमारास बाबांचा हात थरथरायला लागला. एका चवथीला त्यांनी मला हाक मारली आणि काही न बोलता मूर्तीच्या पायाशी असलेल्या उंदराकडे बोट दाखवलं. उंदराचे डोळे मी काढले. त्या वर्षी सगळे उंदीर माझे. पुढच्या वर्षी लहान मूर्ती, मग मोठ्या. बाबा बाजूला बसून असायचे. एखादी रेघ पसंत पडली नाही की मूर्ती भिंतीकडे फिरवायचे, ती पुन्हा करायची.

२०१२ मध्ये खाणी बंद पडल्या. भाऊ मातीकडे परत आला. तो चांगला कारागीर आहे, मूर्तीची बैठक त्याच्यासारखी मला जमत नाही. पाटीवर त्याचं नाव आहे. आखणी मी करते, आणि हे गिऱ्हाइकांना फारसं सांगितलं जात नाही. एका घराण्यातल्या म्हाताऱ्या गृहस्थांना ते कळलं तेव्हा त्यांनी भावाला बाजूला बोलावून विचारलं की बाईच्या हातचे डोळे चालतात का, विटाळाचं काय. भावाने त्यांच्यादेखत कुंचला घेतला आणि भुवईवरून पुन्हा एकदा फिरवला, म्हणून मूर्ती गेली. मला त्या गृहस्थांना एवढंच सांगायचं आहे की माती भिजवली तेव्हापासून त्या गणपतीला बायकांचेच हात लागले होते. प्राणप्रतिष्ठा तुमच्या घरी होते, भटजी मंत्र म्हणतात तेव्हा. तोवर ती माती आहे, आणि मातीला कोणाचा विटाळ नाही. चवथीला गौरीचे ओवसे, म्हणजे सुपातलं वाण, भरणाऱ्या, गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीला फळं निवडून देणाऱ्या, नैवेद्याचं पान वाढणाऱ्या हातांना देवाच्या डोळ्यांपाशीच मनाई का असावी?

आता भाचीचा प्रश्न. तिला शिकायचं आहे. माझा भाऊ तिला शिकवायला तयार नाही असं नाही, पण तो म्हणतो, "शिकून काय करणार, नाव तर भावाचंच लागणार." तिचा भाऊ पुण्यात नोकरीला आहे आणि त्याला मातीत रस नाही.

आपण गोंयकार एका गोष्टीचा अभिमान बाळगतो, आणि तो रास्त आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून आपल्याकडे बापाच्या मालमत्तेत मुलीचा वाटा मुलाएवढा आहे. बाकीच्या देशात हिंदू मुलीला तो मिळायला फार उशीर लागला. वारशाचे व्यवहार आता २०१२ च्या कायद्याने होतात, पण समान वाटा तसाच आहे. बाप गेला की इन्व्हेंतार, म्हणजे मालमत्तेची यादी आणि वाटणी, होतो, त्यात घर येतं, बागायत येते, माड, काजू, सोनं, बँकेतली ठेव येते. मुलीने सही करून हक्क सोडला तर गोष्ट वेगळी, पण हक्क आहे. बापाच्या हातातली विद्या मात्र कोणत्याच इन्व्हेंतारात येत नाही. ती ज्याला शिकवली त्याची. कायदा इथे काही करू शकत नाही, हे मला समजतं. पण म्हणूनच इथे घरातल्या माणसांची जबाबदारी जास्त आहे, आणि ज्या थोड्या जागी सरकार काही करू शकतं तिथे त्याने मुलींना मागे ओढू नये.

ती जागा दाखवते. केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. अठरा पारंपरिक व्यवसाय तिच्यात आहेत. कुंभार आहे, मूर्तिकार आहे, हार-वेण्या करणारे आहेत, टोपल्या विणणारे आहेत. प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळतं, प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज. योजना चांगली आहे. पण तिच्या नियमांत दोन वाक्यं आहेत. पहिलं, एका कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला लाभ. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. दुसरं, सरकारी नोकरीत असलेल्या माणसाच्या कुटुंबीयांना लाभ नाही.

ही दोन वाक्यं लिहिणाऱ्यांना बहुधा पैसा वाचवायचा होता. कारागिराच्या घरात त्यांचा अर्थ वेगळा होतो. एकाच नावाची जागा असली की ते नाव कोणाचं लागतं हे मी सांगायला हवं का? नवरा-बायको दोघंही माती मळतात, ओळखपत्र त्याचं. आणि ज्या गोव्यात घरटी कोणीतरी सरकारी नोकरीत असावा अशी प्रत्येक आईची इच्छा असते, तिथे दुसरं वाक्य बायकांवरच पडतं. माझे यजमान सरकारी नोकरीत आहेत. म्हणजे माझ्या हाताला वय झालं तरी मूर्तिकार म्हणून मी कोणत्याच कागदावर येत नाही. मला कर्ज नको आहे, अवजारांचे पैसेही नकोत, माझे कुंचले मी विकत घेते. पण ओळखपत्र आणि पैसा या दोन गोष्टी वेगळ्या करता येतील. पैसा घरटी एकालाच द्या, हरकत नाही. कारागीर म्हणून नोंद मात्र घरात जेवढे कारागीर आहेत तेवढ्यांची करा. आमच्या आमदार-खासदारांनी हा मुद्दा दिल्लीत मांडावा आणि तोपर्यंत गोवा सरकारने मूर्तिकारांची स्वतःची यादी करताना चित्रशाळेच्या मालकाबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहून घ्यावं. चवथीसाठी मातीच्या मूर्तींनाच आपल्याकडे परवानगी आहे, प्लास्टरला बंदी आहे, म्हणजे पुढची अनेक वर्षं मातीत हात घालणारी माणसं लागणार आहेत. ती कुठून येणार याचा विचार करणाऱ्यांनी आधी घरात कोण आहे ते मोजावं.

कुणबी लुगड्याचं उदाहरण ताजं आहे. आपल्या गावांतले माग थांबले, तांबड्या चौकड्यांचं ते कापड आज्यांच्या अंगावरच उरलं, आणि मग दिवंगत फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांच्यासारख्यांना ते पुन्हा उभं करण्यासाठी केवढी खटपट करावी लागली. आता ते लुगडं कार्यक्रमांतून मिरवलं जातं, याचा आनंद आहे. पण विणणारी एक आजी हयात असताना तिच्याजवळ नातीला बसवलं असतं तर ते कितीतरी सोपं झालं असतं.

चीनने हे कसं केलं तेही भाचीने शोधलं. शू ब्रोकेडचं विणकाम २००६ साली त्यांच्या राष्ट्रीय वारशाच्या पहिल्या यादीत आलं. २००९ मध्ये युनेस्कोने चीनच्या रेशीम कलेला मानवजातीच्या वारशात घेतलं. त्याच २००६ च्या यादीत शांघायजवळच्या वूनीजिंग गावचं सुती विणकामही आहे, आणि ते एका खऱ्या बाईच्या नावाने ओळखलं जातं. हुआंग दाओपो, तेराव्या शतकातली. ती दूर दक्षिणेला हाइनान बेटावर गेली, तिथल्या ली जमातीच्या लोकांकडून कापूस पिंजणं, कातणं, विणणं शिकली, उतारवयात गावी परतली आणि जी शिकायला आली तिला शिकवलं. पायाने चालणारा, एका वेळी तीन धागे काढणारा चरखा तिच्या नावावर सांगतात. तिचा प्रदेश पुढे अख्ख्या चीनला सुती कापड पुरवू लागला. तिने विद्या घरात कोंडली नाही, म्हणून ती टिकली. लोकांनी तिचं देऊळ बांधलं. मालिका कल्पित आहे, ही बाई कल्पित नाही, आणि मला मालिकेपेक्षा तीच जास्त आवडली.

म्हणून त्या ज्येष्ठ वाचकांना माझी विनंती आहे की मुलांना अशा मालिका बघू द्याव्यात, आणि बघून झाल्यावर त्यांना आपल्या गावच्या कुंभाराकडे, कासाराकडे, चिताऱ्याकडे, बुरुडाकडे घेऊन जावं. परक्या मुलखातली मुलगी घरची विद्या शिकताना बघून आपली मुलगी घरातल्या मातीकडे वळत असेल तर त्यात आपली संस्कृती कुठे बुडाली?

आणि संपादक महोदय, आपल्याकडेही एक मागणं आहे. दरवर्षी चवथीच्या आधी आपल्या पुरवणीत चित्रशाळांवर लेख येतात, फोटो येतात. आमच्या तालुक्यातलेही येतात. फोटोत मूर्ती असते, तिच्यामागे हात जोडून मूर्तिकार उभा असतो आणि कडेला, अर्धवट कापल्या गेलेल्या, रंगाच्या वाट्या धरून बसलेल्या दोन-तीन बायका असतात. यंदा आपल्या वार्ताहराने त्या बायकांना नावं विचारावीत. माती कोणी मळली, घोटलं कोणी, शेक कोणी दिला, डोळे कोणी आखले, हे वेगवेगळं विचारावं आणि नावानिशी छापावं. उत्तर द्यायला त्या आधी लाजतील, घरच्या पुरुषांकडे बघतील. वार्ताहराने थोडं थांबावं.

माझ्या भाचीला मी यंदापासून शिकवणार आहे. भावाशी बोलले आहे, पाटीवर तिसऱ्या ओळीची जागा आहे. तिच्याबरोबर आणखी चार-पाच मुली बसू शकतील एवढी आमची चित्रशाळा मोठी आहे, त्या कुठल्या घराण्यातल्या आहेत हे मी विचारणार नाही. फी नाही. फक्त चवथ जवळ आल्यावर येऊ नये, तेव्हा आम्हाला मान वर करायला सवड नसते. दिवाळी झाली, माती सुकी मिळायला लागली की यावं. सुरुवात खडे वेचण्यापासून होईल, आखणीपर्यंत पोचायला काही वर्षं जातील, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावं. माझा पत्ता आपल्या कार्यालयात या पत्राबरोबर दिला आहे; कोणी विचारल्यास जरूर द्यावा.

आपली नम्र,
चित्रशाळेत आखणी करणारी एक वाचक
डिचोली, गोवा